बोललेले नोंदीत गेले का?

आपल्या त्रैमासिकाचे काही वाचक अमेरिकेत राहतात. वसतिगृहाच्या मुलांसाठी देणगी पाठवताना त्यांतल्या एका ताईंनी सोबत चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांच्या राज्यातल्या मूळ रहिवासी जमातींच्या प्रश्नावर नागरी हक्क आयोगाच्या सल्लागार समितीची ऑनलाइन बैठक होणार होती, आणि सूचनेत छापले होते की जनतेपैकी कोणीही हजर राहू शकते व बोलू शकते. ताईंनी विचारले होते, खरेच कोणीही? आणि बोलून काही होते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे तितके नाही. पाड्यांवरच्या ग्रामसभा आणि जनसुनावण्यांचे कागद सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. मध्यंतरी मुलीकडे ॲरिझोनात सहा महिने राहण्याचा योग आला, तेव्हा अशा काही बैठका मी संगणकावर बसून ऐकल्या, त्यांच्या सूचना आणि इतिवृत्ते वाचली. आपल्या कामाशी या पद्धतीचे बरेच साम्य आहे म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अमेरिकेचा नागरी हक्क आयोग १९५७ च्या नागरी हक्क कायद्याने स्थापन झाला. आयोगावर आठ सदस्य असतात. चार राष्ट्राध्यक्ष नेमतात, चार संसदेच्या दोन सभागृहांकडून येतात, आणि एका पक्षाचे चारांहून अधिक सदस्य असता कामा नयेत असा दंडक आहे. वंश, वर्ण, धर्म, लिंग, वय, अपंगत्व किंवा मूळ देश यांवरून कोणाला वेगळी वागणूक मिळते का, मतदानात अडथळे येतात का, पोलीस आणि न्यायालये सर्वांना सारखे वागवतात का, याची वस्तुस्थिती शोधायची आणि अहवाल द्यायचा, एवढेच आयोगाचे काम. तो कोणाला दंड करत नाही, कोणाचा खटला लढवत नाही, नुकसानभरपाईही मिळवून देत नाही.

एवढ्या मोठ्या देशात वॉशिंग्टनला बसून वस्तुस्थिती कशी कळणार? म्हणून प्रत्येक राज्यात आयोगाची एक सल्लागार समिती असते. वकील, प्राध्यापक, धर्मगुरू, संस्था चालवणारे अशी त्या राज्यातली माणसे आयोग चार वर्षांसाठी नेमतो. त्यांना मानधन नसते. राज्यातला कोणता प्रश्न हाती घ्यायचा हे समिती ठरवते, जाणकारांना आणि भुक्तभोगींना बोलावून ऐकते, आणि मग आपला अहवाल आयोगाला पाठवते.

या समित्यांना १९७२ चा एक कायदा लागू होतो. केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या समित्यांनी दार बंद करून बसू नये, हा त्याचा गाभा. बैठकीची सूचना फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या राजपत्रात, किमान १५ दिवस आधी छापावी लागते. बैठक सर्वांना खुली ठेवावी लागते, इतिवृत्त ठेवावे लागते, आणि लोकांना तोंडी किंवा लेखी म्हणणे मांडण्याची वाट ठेवावी लागते. तेव्हा ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर, होय, कोणीही. तुम्ही त्या जमातीचे आहात का, कोणत्या संस्थेचे आहात का, हे विचारून कोणी दारात अडवत नाही. (अहवालाचा मसुदा तयार करणारे छोटे उपगट मात्र लोकांविना बसू शकतात. कायद्यात तेवढी फट आहे.)

पूर्वी या बैठका एखाद्या सभागृहात किंवा फोनवर होत. कोविडच्या साथीनंतर बहुतेक बैठका झूमवर आल्या. सूचनेत जोडणीचा दुवा असतो आणि शेजारी फोन नंबरही असतो, म्हणजे ज्याच्याकडे संगणक नाही त्याने साध्या फोनवरून ऐकावे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर बोललेले शब्द उमटवण्याची सोय असते. आणखी काही मदत हवी असेल तर साधारण दहा कामकाजाचे दिवस आधी कळवा असे लिहिलेले असते.

बैठकीचा क्रम अगदी ठरलेला. हजेरी, कोरम झाला का ते पाहणे, मागील इतिवृत्त, मग सदस्यांची चर्चा, नंतर लोकांचे म्हणणे, पुढचे काम, समाप्ती. जाणकारांना बोलावलेले असेल तर अध्यक्ष सुरुवातीलाच बजावतात की कोणा व्यक्तीची बदनामी होईल असे बोलू नये. लोकांच्या वाट्याला साधारण दोन-तीन मिनिटे येतात, तीही "वेळ उरेल तशी". हा शब्दप्रयोग सूचनेतच असतो. चर्चा लांबली की लोकांची वेळ आक्रसते, हे मी पडद्यावर पाहिले. आपल्याकडच्या सभांपेक्षा काही वेगळे वाटले नाही.

म्हणूनच त्या सूचनेतली एक ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. बैठकीनंतर ३० दिवसांपर्यंत लेखी म्हणणे पाठवता येते. ज्याला दोन मिनिटांत सांगता आले नाही, ज्याचा फोन मध्येच तुटला, जो त्या दिवशी कामावर होता, त्या प्रत्येकासाठी महिनाभर दार उघडे राहते, आणि आलेला कागद बैठकीच्या दप्तरात जातो. बोलणारे पुष्कळ भेटतात. तो कागद पाठवणारे मात्र थोडे असतात.

आता दुसरा प्रश्न, बोलून काही होते का. याचे उत्तर मी न्यू मेक्सिको राज्यातल्या फार्मिंग्टन गावाच्या गोष्टीने देते.

फार्मिंग्टन हे नावाहो जमातीच्या प्रदेशाच्या कडेवरचे गाव. नावाहोंचा स्वायत्त प्रदेश ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरला आहे. महाराष्ट्राच्या साधारण एक चतुर्थांश म्हणा, एवढा मोठा. पण बाजार, दवाखाना, नोकरी, गाडीची दुरुस्ती यांसाठी नावाहो माणसाला कडेच्या गावात उतरावे लागते. अशा गावांना तिकडे "सीमेवरची गावे" म्हणतात. आपल्याकडे डोंगरावरून आठवडी बाजाराला उतरणाऱ्या माणसाला दुकानदार, सावकार, एसटीचा वाहक कसा वागवतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या नात्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

१९७४ च्या वसंतात फार्मिंग्टनजवळ तीन नावाहो पुरुषांचे छळ करून मारलेले देह सापडले. मारणारी गावातल्या शाळेतली गोरी मुले होती. त्यांच्यावर प्रौढांसारखा खटला न चालता त्यांची रवानगी सुधारगृहात झाली. नावाहो लोक रस्त्यावर उतरले, दर शनिवारी मोर्चे निघाले. त्याच वर्षी आयोगाच्या न्यू मेक्सिको सल्लागार समितीने फार्मिंग्टनमध्येच उघडी सुनावणी घेतली. लोकांनी केवळ त्या तीन खुनांबद्दल सांगितले नाही. पोलीस, दवाखाने, नोकऱ्या, दारूचे गुत्ते आणि त्याभोवतीची लूट, हे सगळे बाहेर आले. १९७५ मध्ये समितीचा अहवाल छापून आला.

अहवालाने गुन्हेगारांना शिक्षा झाली नाही. तो अधिकार समितीला नव्हताच. पण नावाहोंचे म्हणणे सरकारी शिक्क्याच्या कागदावर उमटले. तीस वर्षांनी समिती पुन्हा त्याच गावात गेली. १९७५ च्या अहवालात अमुक लिहिले होते, त्याचे काय झाले, असे तिने विचारले आणि २००५ मध्ये दुसरा अहवाल दिला. काही गोष्टी सुधारल्या होत्या, काही तशाच होत्या. पहिला कागद नसता तर सुधारले की बिघडले हे कशाशी ताडून पाहणार होते? मोर्चातल्या घोषणा तीस वर्षांनी कोणाला ऐकू येत नाहीत.

दक्षिण डकोटाच्या समितीने २००० साली तिथल्या मूळ रहिवाशांचा न्यायव्यवस्थेवरचा विश्वास कसा ढासळला यावर अहवाल दिला. मोंटाना राज्याच्या समितीने २०१९ मध्ये सीमेवरच्या गावांतल्या भेदभावावरच अहवाल काढला. फार्मिंग्टननंतर ४४ वर्षांनी, दुसऱ्या राज्यात, विषय तोच. वाचताना मन खट्टू होते हे खरे. खुद्द आयोगाने २००३ मध्ये लिहिले की मूळ रहिवाशांसाठीच्या केंद्राच्या योजनांना गरजेपेक्षा फार कमी पैसा मिळतो, आणि २०१८ च्या अहवालात पुन्हा तेच लिहावे लागले. त्या अहवालाचे नावच "मोडलेली वचने" अशा अर्थाचे आहे.

तरीही अहवाल नेहमीच फडताळात पडून राहतात असे नाही. आयोगाचे अगदी सुरुवातीचे काम कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे होते. दक्षिणेतल्या राज्यांत त्यांना मतदार म्हणून नोंदवूनच घेत नसत. लोकांनी जबान्या दिल्या, आणि १९५९ च्या अहवालात आयोगाने सुचवले की नोंदणीसाठी केंद्राने आपले अधिकारी नेमावेत. तेव्हा ते झाले नाही. १९६५ च्या मताधिकार कायद्यात मात्र केंद्राचे अधिकारी पाठवून नोंदणी करण्याची तरतूद आली. मधली सहा वर्षे चळवळ रस्त्यावर होती, माणसे मेली, तुरुंगात गेली. कायदा झाला तो त्यांच्यामुळे. पण कायदा लिहायला बसलेल्यांच्या हाताशी त्या जबान्या होत्या.

मग ऑनलाइनमुळे सोय झाली की गैरसोय? दोन्ही. मोंटाना किंवा दक्षिण डकोटासारख्या राज्यात राजधानीच्या गावी जायचे तर दिवसभराची गाडी, पेट्रोल, बुडालेला रोज. आता एखादी आजी स्वयंपाकघरात बसून समितीला सांगू शकते की दवाखान्यात तिला काय सोसावे लागले. पण त्यासाठी स्वयंपाकघरात जोडणी हवी. नावाहो प्रदेशात कित्येक घरांना इंटरनेट नाही, काही ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही. साथीच्या काळात मुले आणि मोठी माणसे चॅप्टर हाऊसच्या, म्हणजे त्यांच्या ग्रामसभेच्या इमारतीच्या, आवारात गाड्या उभ्या करून तिथले वायफाय वापरत होती. अशी ११० चॅप्टर तिथे आहेत. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या मुलांनी शाळेचे तास ऐकायला टेकडी गाठली, त्यातलाच हा प्रकार.

शिवाय समोरासमोर बोलण्यात एक बळ असते ते पडद्यावर उरत नाही. गावातली दहा माणसे पाठीशी उभी असली की बोलणाऱ्याचा आवाज चढतो. झूमवर तो एकटा असतो, आणि वेळ संपली की त्याचा आवाज कळ दाबून बंद होतो. माझे मत असे की बैठक ऑनलाइन असली तरी ऐकणाऱ्यांनी एकत्र बसावे. चॅप्टर हाऊसमध्ये, समाजमंदिरात, कोणाच्या ओसरीवर, एक पडदा आणि पंधरा माणसे. एकाने बोलावे, बाकीच्यांनी नावे लिहून द्यावीत.

ताईंना मी आणखी दोन गोष्टी कळवल्या, त्या इतरांच्याही उपयोगी पडतील. एक म्हणजे, शेवटच्या बैठकीची वाट पाहू नका. समिती विषय निवडत असते तेव्हाच्या बैठका अगदी रुक्ष असतात. तासाभराच्या, हजेरी आणि तारखांच्या. तिथे लोक फिरकत नाहीत. पण कोणता विषय घ्यायचा, कोणाला बोलवायचे, कोणत्या जिल्ह्याकडे पाहायचे हे तिथेच ठरते. अहवालाचा मसुदा मतदानाला आला की तिऱ्हाइताचे बोलणे फारसे मुरत नाही. दुसरे म्हणजे, आपले तेच सांगावे. ताई स्वतः त्या जमातीच्या नाहीत. त्यांनी जमातीच्या वतीने बोलू नये. पण त्या एका दवाखान्यात काम करतात. तिथे त्यांनी डोळ्यांनी पाहिले ते, तारीख आणि ठिकाणासह, कोणा रुग्णाचे नाव न घेता सांगता येईल. "इथे फार अन्याय होतो" हे वाक्य इतिवृत्तात एका ओळीत संपते. "अमुक महिन्यात दुभाषी नसल्यामुळे तीन बायका तपासणीविना परत गेल्या" असे सांगितले की समितीला पुढे विचारण्याजोगे काही मिळते.

आपल्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतही सल्लागार मंडळ आहे. अनुसूचित क्षेत्र असलेल्या राज्यात जनजाती सल्लागार परिषद असावी, तिचे सदस्य २० पेक्षा जास्त नसावेत आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश विधानसभेतले अनुसूचित जमातींचे आमदार असावेत, असे तिथे म्हटले आहे. महाराष्ट्र या राज्यांपैकी एक. पण पाड्यावरच्या माणसाने त्या बैठकीत उठून दोन मिनिटे बोलावे, किंवा नंतर कागद पाठवावा आणि तो बैठकीच्या दप्तरात लागावा, अशी वाट अनुसूचीने आखलेली नाही. आमदार बोलतील ते लोकांचे, असे त्यात गृहीत आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. तिथली १५ दिवसांची सूचना आणि ३० दिवसांचा लेखी अवधी या दोन गोष्टी इथे आणायला घटना बदलावी लागणार नाही. परिषदेच्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार त्याच अनुसूचीने राज्यपालांना दिला आहे.

एका बाबतीत मात्र आपला नियम त्यांच्याहून चांगला आहे, आणि तो आपल्याच लोकांना फारसा माहीत नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार होणाऱ्या जनसुनावणीला किमान ३० दिवसांची सूचना लागते, सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण करावे लागते, आणि सुनावणी संपताना लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा तिथल्या तिथे वाचून, स्थानिक भाषेत समजावून सांगावा लागतो. त्यानंतर त्याच दिवशी त्यावर सही होते. अमेरिकेतल्या समितीत इतिवृत्त पुढे केव्हातरी तयार होते. बोलणाऱ्याला ते मागाहून शोधून पाहावे लागते.

हे वाचून दाखवणे किती मोलाचे आहे ते मी एका सुनावणीत पाहिले आहे. गावाचे नाव लिहीत नाही. चार वारली बायका उठून बोलल्या. खाणीच्या जागेखालून येणारा झरा कोणत्या महिन्यात आटतो, त्यावर किती घरे आहेत, गुरे कोणत्या वाटेने उतरतात, हे त्यांनी आपल्या बोलीत नेमके सांगितले. शेवटी इंग्रजीत काहीतरी भरभर वाचले गेले आणि मंडप उठायला लागला. आमच्या एका कार्यकर्त्याने हात वर करून मराठीत वाचा अशी विनंती केली. वाचल्यावर कळले की चौघींचे मिळून एकच वाक्य होते, "काही महिलांनी पाण्याबाबत शंका व्यक्त केली." त्यांतली थोरली मावशी म्हणाली, "शंका कसली? मी सांगितलं, मला ठाऊक हाय ते." अर्धा तास गेला, पण झऱ्याचे नाव, महिने आणि घरांची संख्या त्या कागदात गेली, आणि मगच सही झाली. पुढे तो प्रस्ताव कोठवर गेला हा वेगळा विषय आहे. तो प्रस्ताव ज्या टेबलावर जाईल, तिथे झऱ्याचे नावही जाईल.

तेव्हा आपल्या भागात जनसुनावणीची सूचना लागली की लगेच मिशनच्या केंद्रावर कळवावे. पाड्यावर आधी एक बैठक घेऊन कोण काय सांगणार हे ठरवू, ते मराठीत लिहून प्रत्येकाच्या सहीचा किंवा अंगठ्याचा कागद तयार करू, आणि त्याची पोच घेऊ. सुनावणी संपली तरी गोषवारा मराठीत वाचून होईपर्यंत कोणी मंडप सोडू नये. कामकाजाचा वृत्तांत नंतर ग्रामपंचायतीत लावला जाणे बंधनकारक आहे. तो लागला की त्याचा फोटो काढून आमच्याकडे पाठवा. पाड्याचा कागद आणि तो वृत्तांत शेजारी ठेवून ताडून पाहण्याचे काम केंद्रातले आम्ही करू.